चार सारख्या चाकांची मागणी

अम्मानच्या बयादेर भागात गॅरेजांची जी लांबलचक गल्ली आहे, तिथे मिफलेहला मिफलेह म्हणून कोणी हाक मारत नाही. तो अबू तैसीर, तैसीरचा बाप, टायरवाला. सव्वीस वर्षं एकच दुकान आणि एकच लोकरी टोपी. भर ऑगस्टातसुद्धा ती टोपी उतरत नाही. तिच्याखाली केस आहेत की नाहीत यावर गल्लीत दर उन्हाळ्यात पैजा लागतात आणि कोणीच जिंकत नाही.

झिजलेल्या टायरवरून हात फिरवला की हा गडी गाडीवाल्याची कुंडली मांडतो. "तुझा पाय ब्रेकवर फार असतो रे. बायको शेजारी बसते वाटतं?" किंवा "ही गाडी तू नाही चालवत, तुझा धाकटा चालवतो. त्याला सांग, गोल चौकात हिरोगिरी बंद कर." लोक हसतात, चिडतात, घरी जाऊन चौकशी करतात आणि पुढच्या वेळी गुपचूप चहा घेऊन येतात, कारण तो शंभरातून नव्वद वेळा बरोबर असतो.

एवढं सगळं कळणाऱ्या माणसात एक मोठी खोट होती. गिऱ्हाईक खूश दिसलं की त्याची वाचा बसायची. कोणी चाकांच्या चकचकीत रिमा पोटाशी धरून आला, त्या गाडीला लागणार नाहीत हे ह्याला लांबूनच दिसलं, तरी समोरच्याचे फुललेले गाल बघून हा नुसतं "मुबारक, मुबारक" म्हणायचा आणि बसवून द्यायचा. टायरवाल्याला कोण विचारतं, असं वर मनाला समजवायचा. हा भित्रेपणाच होता, दुसरं काही नाही.

दोन वर्षांपूर्वी हायेल असाच आला होता. हायेल फरशांचा व्यापारी, आवाज मोठा, मन मोठं, हट्ट त्याहून मोठा. पहिली मुलगी लमीस, म्हणून तो अबू लमीस. पुढे दोन मुलगे झाले तरी त्याने हे नाव बदलू दिलं नाही. लमीसला गाडी पळवायचं वेड बापाकडूनच लागलेलं. तिच्यासाठी त्याने तीस वर्षांची दोन दारांची जर्मन गाडी घेतली, इंजिन नव्याने बांधून घेतलं आणि शारजाहून खास चाकं मागवली. पुढची दोनशे पाच मिलिमीटर रुंद, मागची दोनशे पंचेचाळीस.

"बघ, बघ ही पाठ!" मागच्या चाकावर थापा मारत तो ओरडत होता. "गाडीला पाठ अशी हवी! जोर मागच्या चाकांना, तर रबरही मागेच हवं. बरोबर की नाही, अबू तैसीर?"

सरळ रस्त्यावर बरोबर होतं. पण लमीस पळवणार होती घाटाच्या शर्यतीत, जिथे दर शंभर पावलांवर वळण. तिथे मागची जाडी चाकं रस्ता घट्ट धरून गाडीला पुढे ढकलत राहणार आणि पुढची बारकी चाकं कितीही वळवली तरी घसरत सरळच जाणार. मिफलेहला हे त्याच क्षणी दिसलं होतं. तो म्हणाला, "मुबारक."

सल्तकडच्या त्या घाटात एक वळण आहे. कधीकाळी तिथे कलिंगडांचा ट्रक उलटला होता, तेव्हापासून त्याचं नावच कलिंगडाचं वळण. दोन हंगामांत लमीस तिथे तीनदा धडकली. पहिल्यांदा गवताच्या गठ्ठ्यांवर, दुसऱ्यांदा आरसा गेला, तिसऱ्यांदा उजवं दार कड्याला घासून आत गेलं आणि तिचा खांदा महिनाभर दुखत राहिला. दर वेळी हायेल सगळ्यांसमोर तेच म्हणाला, "हात कच्चे आहेत तुझे!" तिसऱ्या वेळी त्यात भर पडली, "आणखी एक ओरखडा, की गाडी विकली. संपला विषय."

हंगामाची शेवटची शर्यत शुक्रवारी होती. सोमवारी लमीस टायर बघून घ्यायला गाडी दुकानात ठेवायला आली आणि रिकाम्या पेटीवर बसून राहिली. एरवी ही पोरगी दुकानात शिरली की कंप्रेसरपेक्षा जास्त बोलते.

"काका, मी वळवते हो," ती एकदम म्हणाली. "शपथ. पूर्ण वळवते. तीच वळत नाही. बाबांना वाटतं मी घाबरते."

मिफलेहने पुढच्या टायरची बाहेरची कड चाचपली. रबर किसणीवर घासल्यासारखं सोलवटून निघालं होतं. मागच्यावर मात्र नवेपणाची लव अजून शाबूत. पोरगी शब्दन् शब्द खरं बोलत होती. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "चहा घेतेस?"

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती, तैसीरची आई म्हणून उम्म तैसीर, भाजी चिरत होती. हातातला चाकू तिने ताटात आपटला. "म्हणजे तुला दोन वर्षं माहीत आहे? आणि मुलीचं हाड मोडल्यावर सांगणार होतास?"

"हायेल ऐकणारा माणूस आहे का?"

"तू सांगितलंस कधी, की त्याने ऐकलं नाही?"

रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि सकाळी उठला तो तडक झरकाच्या भंगार बाजारात. दोन फुटलेल्या गाड्यांच्या दोन जोड्या जमवून त्याने एकाच मापाच्या चार रिमा मिळवल्या, एकही वाकडी नाही, आणि त्यांच्यावर दोनशे पंचवीसची चार टायरं चढवली. चारही सारखी! दुकानात एका ओळीत उभी केली तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की त्याने टोपी काढून घाम पुसला. गल्लीने ते पाहिलं. केस होते.

आता राहिला हायेल. त्याच्यासमोर आपली जीभ पुन्हा टाळूला चिकटणार हे मिफलेह जाणून होता. म्हणून तो हाजी शिबलींकडे गेला. गल्लीतल्या निम्म्या संसारांची मागणी हाजींनी घातलेली. चार वडीलधारे घेऊन मुलीच्या घरी जायचं, कॉफी समोर आली की पेला तसाच खाली ठेवायचा आणि म्हणायचं, आमचं मागणं पुरं होईल तेव्हाच पिऊ. पाहुणा कॉफी न पिता उठला, तर त्या घराची गावभर शोभा. त्यामुळे यजमानाची मान सहसा हलतेच.

"चाकांसाठी?" हाजी शिबली इतके हसले, की दातांची कवळी सावरावी लागली. "ऐंशी वर्षांत हे पहिलंच. चल, कोट काढतो!"

बुधवारी दुपारच्या नमाजानंतर हाजी, मिफलेह आणि गल्लीतले दोन म्हातारे इस्त्रीच्या कपड्यांत हायेलच्या दाराशी उभे राहिले. खिडक्यांचे पडदे भराभर हलले. शेजारणींनी नवऱ्या मुलाचा अंदाज बांधायला घेतला. आत लमीस पांढरीफटक पडून आईला विचारत होती, "कोणासाठी आलेत? मला विचारल्याशिवाय?"

वेलदोड्याची कॉफी आली. हाजींनी पेला खाली ठेवला, त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी ठेवला. घसा खाकरून हाजींनी पाठ असलेलं भाषण सुरू केलं: हे थोर घराणं, ही गुणी लेक, ह्या घराशी नातं जुळणं म्हणजे आमचं भाग्य...

हायेल चुळबुळला. "हाजी, माफ करा, पण पोरीच्या डोक्यात सध्या लग्न..."

"चाकं!" मिफलेह ओरडलाच. त्याच्या स्वतःच्याच कानांवर त्याचा विश्वास बसेना. "चार चाकं, अबू लमीस. पुढेमागे एकाच मापाची. शुक्रवारच्या आत. तोवर ही कॉफी नाही पिणार मी."

स्वयंपाकघरातून लमीसचं हसू फुटलं आणि कोणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला.

हायेलचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "माझ्या घरात येऊन माझी गाडी मला शिकवतोस? मागची बारीक केली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरेल, कळतं का?"

"शेपूट हलेल," मिफलेह म्हणाला. "खोटं नाही बोलणार. पण हललेली शेपूट लमीस सावरू शकते. न वळणारं नाक कोणीच सावरू शकत नाही. आणि चारही सारखी असली की पुढची झिजलेली मागे टाकता येतात, आत्ता तेही जमत नाही."

"तिचे हात..."

मिफलेह उठला, बाहेर गेला आणि पिकअपमधून लमीसच्या गाडीची दोन जुनी टायरं घरंगळवत थेट बैठकीच्या गालिच्यावर घेऊन आला. यजमानीणबाई किंचाळल्या. "हात ठेव," तो म्हणाला. "हे पुढचं. आता हे मागचं. एकाने सगळं सोसलं, दुसरं आरामात झोपून होतं. हात कच्चे असते, ती घाबरत असती, तर पुढची कड अशी सोलली नसती, अबू लमीस. तिने चाक शेवटपर्यंत वळवलंय. प्रत्येक वेळी."

हायेल गुडघ्यावर बसून बराच वेळ टायर चाचपत राहिला. पेल्यांतली कॉफी थंड झाली होती. दारात लमीस उभी होती, आता हसत नव्हती.

"प्या," तो शेवटी म्हणाला. "प्या कॉफी. पण ऐकून ठेव. शुक्रवारी धडकली तर गाडी विकेन, आणि तू ह्या घराची पायरी चढायची नाही."

मिफलेहने थंडगार कॉफी एका घोटात संपवली. इतकी चविष्ट कॉफी त्याने जन्मात प्यायली नव्हती!

शुक्रवारी सकाळी घाट माणसांनी फुलला होता. कठड्यांवर पोरं, गाड्यांच्या टपांवर बाप्ये, कोळशावर कणसं. सराव फेरीत लमीस कलिंगडाच्या वळणावर आली आणि गाडीने नाक असं आत घातलं, की बघणारे ओरडले. पण पुढच्याच क्षणी शेपूट सुटली. गाडी आडवी झाली, कडा हातभर अंतरावर आला आणि तिने कशीबशी सावरली.

"बघितलंस?" हायेल गरजला. "भोवरा!"

मिफलेह खाली थांब्याकडे धावत गेला, गाडी परत येऊन थांबताच खिडकीत वाकला. "घाबरू नकोस. फक्त सांग, शेपूट कधी सुटली? चाक वळवताना, की नंतर?"

दोन वर्षांत हे लमीसला कोणी विचारलंच नव्हतं. "नंतर. बाहेर पडताना. मी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा. जुन्या सवयीने लवकर दाबला, काका. आता ती आधीच वळलेली असते!"

"मग थांब जराशी. श्वासभर. आणि हे घे." त्याने मागच्या दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली, पकड वाढावी म्हणून. पुढच्यांना हात लावला नाही.

पहिल्या फेरीसाठी तो वर वळणापाशीच जाऊन उभा राहिला. हायेल दोरीपलीकडे, हात बांधून, त्याच्याकडे न बघता. खालून इंजिनाचा आवाज चढत आला, एक वळण, दुसरं, मग गाडीचं पिवळं बॉनेट दिसलं आणि मिफलेहने डोक्यावरची टोपी ओढून काढली. नाक आत शिरलं. शेपूट किंचित सरकली, तेवढीच. एक श्वास. मग मागची चाकं रस्त्याला भिडली आणि गाडी बाणासारखी वर निघून गेली. कड्याला नाही, गठ्ठ्याला नाही, कशालाच शिवली नाही!

"यल्ला, पळ!" मिफलेह नाचत होता. एकावन्न वर्षांचा माणूस, टोपी हातात, टक्कल नसलेलं डोकं उन्हात. शेजारच्या अनोळखी पोराला त्याने मिठी मारली, त्या पोराने त्याला कणीस दिलं. भोंग्यावर वेळ सांगितली: तिच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा सहा सेकंद कमी. दुसऱ्या फेरीत आणखी दोन. बेचाळीस गाड्यांत पाचवी. पहिली नाही, पण तिला विचाराल तर त्या दिवशी घाटात दुसरी गाडीच नव्हती.

सगळे थांब्याकडे धावले, फक्त हायेल जागचा हलला नाही. मिफलेह त्याच्यापाशी गेला. आता तो नुसता टायरवाला म्हणून गप्प बसू शकत नव्हता.

"अबू लमीस, एक सांगायचं राहिलंय. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू शारजाची चाकं आणलीस त्याच दिवशी. मी मुबारक म्हणालो. तू खूश होतास, म्हणून."

हायेलने त्याच्याकडे पाहिलं. मिफलेहला वाटलं, आता बसते थोबाडीत, आणि बसली असती तरी चालली असती.

"तू गप्प बसलास," हायेल हळू म्हणाला. त्याचा आवाज एवढा लहान कोणी ऐकला नव्हता. "मी बोललो. तिसऱ्यांदा दार मोडलं, तिला खांदा हलवता येत नव्हता, आणि मी तिला सगळ्यांसमोर बोललो."

तो खाली उतरला. मिफलेह मागोमाग. लमीस हेल्मेट काखेत धरून माणसांच्या घोळक्यात उभी होती, घामाने चिंब. बाप येताना दिसला तशी ती नकळत ताठ झाली, ओरडा खायला उभं राहावं तशी.

हायेलने तिचा उजवा हात धरला. हातमोजा ओढून काढला. आमच्याकडे लेकरं बापाच्या हाताचं चुंबन घेतात, ईदला घेतात, माफी मागताना घेतात. हायेलने भर घाटात, गल्लीतल्या सगळ्या माणसांदेखत, वाकून लेकीच्या हाताचं चुंबन घेतलं. ती दचकून हात मागे ओढायला लागली, "बाबा, नको, काय करताय!" पण त्याने सोडला नाही. दुसरा हात मागितला.