पट्टा दंडावर असताना बोलायचं नसतं

माझ्या नातीचा पहिला पेशंट मी, आणि तिनं डॉक्टरकी सोडून द्यावी म्हणून जिवापाड झटलेला पहिला माणूसही मीच. ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. टाळली म्हणजे, सांगितली पुष्कळदा. पण खोटी सांगितली. आमच्या बोरी गावात चहाच्या टपरीवर अजून कुणीतरी विचारतंच, "गुरुजी, ती दोनशेवाली डॉक्टरीण कुठं हाय सध्या?" आणि सगळे खदाखदा हसतात. असा संताप येतो मला! (संताप काढायचा कुणावर? हा विनोद त्यांना पुरवला मीच.) तर आता खरं काय घडलं ते ऐका.

ऋतुजा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या वस्तीतून डॉक्टरकीला गेलेली पहिलीच पोर. दिवाळीच्या सुटीत आली ती उशीएवढी जाड पुस्तकं घेऊन, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि सोबत बीपी मोजायचं यंत्र. दंडाला गुंडाळायचा पट्टा, दाबायचा रबरी फुगा आणि घड्याळासारखी तबकडी.

"आबा, पुढच्या वर्षी आम्हाला वॉर्डात सोडणार," ती म्हणाली. "त्याआधी नाडी, बीपी नीट मोजता आला पाहिजे. परीक्षेला सर समोर बसले की माझा हात थरथरतो. घरच्यांचा मोजून हात बसवते."

घरच्यांचा? फक्त घरच्यांचा? मी लगेच चपला घातल्या आणि वस्तीभर सांगून आलो, "आपली डॉक्टर आलीय. सकाळी या!"

सकाळी अंगण भरलं. "जयभीम गुरुजी!" म्हणत केरबा गुडघा धरून आला. गयाबाई कधीकाळचा एक्सरे पिशवीत घालून आली. केरबाच्या भावानं तर शेळी आणली. (दूध आटलं होतं. शेळीचं.)

"माय, माझं गुडघं लय दुखायलंय. गोळी दे," केरबा म्हणाला.

"काका, मी अजून डॉक्टर नाही. मला औषधातलं काहीच शिकवलेलं नाही."

माझं डोकं तिथंच तापायला लागलं. चारचौघांत माझी पत ही पोर अशी पायरीवर आपटायलीय!

"मग आत्तापर्यंत शिकलीस काय?"

"हाडं, स्नायू, नसा. प्रेतावर."

"आपल्या गल्लीत सध्या कुणी मेलेलं न्हाई! जिवंताचं काय येतं ते बोल!"

"बीपी," ती हळूच म्हणाली. "तोही सरावापुरता."

"मग माझाच मोज. सगळ्यांच्या देखत!"

मी अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. ती समोर उभी राहिली, हात जोडले आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "नमस्कार. माझं नाव ऋतुजा. मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी आहे. तुमचा रक्तदाब मोजला तर चालेल का?"

"मला नाव सांगतीस? तुझं नाव मी ठेवलंय!"

"आबा, असंच विचारायचं असतं. परवानगी घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, असं शिकवलंय."

"घे परवानगी! मोज!"

"आधी पाच मिनिटं शांत बसा. चहा, तंबाखू झालीय का?"

चहा दोन कप झाला होता. तंबाखू तेव्हाही ओठाखाली होती. मी म्हणालो, "न्हाई."

"पाय खाली टेकवा. आणि पट्टा दंडावर असताना बोलायचं नाही. बोललं की बीपी वाढतो."

आयुष्यभर वर्गात "बोलू नका!" म्हणून छडी आपटणाऱ्या माणसाला ही पोर सांगतेय, बोलू नका! मी त्यावर चांगला बोललो. मोठ्यानं बोललो. तोवर तिनं स्टेथोस्कोप कानाला लावून फुगा दाबला, तबकडीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "आबा, आत चला. आत सांगते."

"इथंच सांग!"

"पेशंटचं चारचौघांत सांगायचं नसतं."

"मी काय चोर हाय व्हय? सांग!"

"एकशे ऐंशी."

अंगण गप झालं. शेळीसुद्धा.

"लय हाय का गं?" गयाबाईनं विचारलं.

"तुझ्या ऐकण्यात चूक झाली! परत मोज!" मी ओरडलो. परत मोजला. एकशे नव्वद. आता माझ्या कानशिलातून वाफ निघायची बाकी होती. "हे यंत्रच खराब हाय! परत!"

"दोनशे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आबा, तुम्ही चिडू नका ना."

"मी चिडलेलो न्हाई!!" (हे पार स्टँडपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.)

तेवढ्यात केरबा म्हणाला, "रिक्षाचं मीटर हाय का काय हे? थांबंचना!"

अंगण हसलं. झालं! मी ताडकन उठलो. पट्टा दंडालाच होता. फुगा लोंबकळत माझ्याच गुडघ्यावर आपटला आणि पाय उडाला. (नंतर कळलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, तेही डॉक्टर बघतात. ती तपासणी माझी मीच करून टाकली.) पट्टा टर्रकन ओढून मी तिच्या पुस्तकांवर फेकला आणि म्हणालो, "जा, तू हाडंच मोज! जिवंत माणूस तुझं काम न्हाई!"

तिनं यंत्र उचललं, नीट घडी घातली, आत गेली. लोक गेले. शेळीही गेली. सुटी संपेपर्यंत तिनं कुणाचा हात हातात घेतला नाही. जाताना आजीला म्हणाली, "आजी, मला वॉर्डात जायचीच भीती वाटायलीय. मी प्रेतांपाशीच बरी." आजीनं मला हे सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता.

पुढं मी गुपचूप जिंतूरला जाऊन डॉक्टरला दाखवलं. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, गप्प बसवलं, तीनदा मोजला आणि गोळी लिहून दिली. म्हणजे माझ्या आरडाओरड्यानं वर चढवलेलं सोडलं, तरी पोरीचं बरोबर होतं. मी गोळ्या हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात लपवल्या आणि टपरीवर जाऊन सांगितलं, "पहिल्या वर्षाची पोर ती! चांगल्या माणसाला दोनशे बीपी सांगितला!" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. तिला 'दोनशेवाली' हे नाव त्या दिवशी पडलं. पोर वॉर्डात जायला घाबरत होती आणि तिचा आजोबा तिच्या नावावर फुकटचा चहा पीत होता. आता स्वतःचाच कान पिळावा म्हटलं, तर कानातही दम उरलेला नाही.

ती घाबरत घाबरत का होईना, गेली वॉर्डात. माझ्यामुळे नव्हे, माझ्या नाकावर टिच्चून. सध्या परभणीत इंटर्न आहे. सुटीला आली की पिशवी ठेवायच्या आधी यंत्र काढते.

परवा आली. मी ठरवलंच होतं. पट्टा गुंडाळायला लागली तसा म्हणालो, "ऋतुजा, त्या दिवशी मी..."

"बोलू नका आबा. पाय खाली."

मी पाय खाली टेकवले. फुगा दाबला, हवा सुटली.

"एकशे तीस. छान. गोळी चालू ठेवा."

"कसली गोळी?"

"डाळीच्या डब्यातली." तिनं पट्टा काढला, घडी घातली. मी पुन्हा तोंड उघडलं. "ऋतुजा, माझं चुक..."

"थांबा, दोनदा मोजायचा असतो," असं म्हणून तिनं पट्टा परत बांधला, आणि आयुष्यभर पोरांना गप्प बसवणारा मी, तोंड उघडं ठेवून गप्प बसलो.