अर्ध्या रिळातली बकरी

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही जुन्या इंदुरात राहायचो. माझी आत्या लहानपणीच्या तापात बहिरी झाली होती आणि मग तिचं बोलणंही हळूहळू सुटलं. घरात ती असायची, गप्पांत मात्र नसायची. सगळे बोलपटाला निघाले, की ती मागेच राहायची.

शेजारी एक गृहस्थ होते, सगळी गल्ली त्यांना इंदुरी रिवाजाने भिया, म्हणजे भाऊ, म्हणायची. तरुणपणी तंबूतला सिनेमा घेऊन गावोगाव फिरलेले. बोलपट आल्यावर मुक्या फिल्म्स कोणी विचारीना, तेव्हा तंबूच्या मालकाने जुनं मशीन आणि थोडी रिळं त्यांनाच देऊन टाकली. दिवेलागणीला ते अंगणात चादर बांधत आणि हँडल फिरवत. सगळे विलायती विनोदी तुकडे, कुणाचे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शिपायाची टोपी पळवणारं बदक, बाळाला आंघोळ घालणारं माकड. चित्रांच्या मधे येणाऱ्या इंग्रजी पाट्या आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नसत. आत्या सगळ्यांच्या आधी हसायची.

एकदा नवरदेवाच्या खोलीत शिरून त्याचे कपडे खाणारी बकरी लागली. तो दार उघडणार, एवढ्यात रीळ संपलं.

"बस, इतनाच आहे. आगे का हिस्सा हरवला," भिया म्हणाले.

लोक उठू लागले, तशी आत्या चादरीपुढे जाऊन उभी राहिली आणि बकरी झाली. नवरदेवाकडे शांतपणे बघत चघळत राहिली. मग ती नवरदेव झाली, उरलेल्या चिंध्या सावरत वरातीला निघाली. पुढे पुन्हा बकरी, त्याचाच फेटा खात. लोक पोट धरून हसत होते.

"बसव तिला," आई कुजबुजली. "लोक हसताहेत."

"तिला नाही, बकरीला हसताहेत," मी म्हणाले.

आईने नीट पाहिलं. थोड्या वेळाने तीही हसू लागली.

त्या फिल्म्स मला अजून आवडतात. नट हसवायला धडपडत असतो, बकरीला मात्र फक्त कपडे खायचे असतात. आपण हसलो काय, न हसलो काय, तिला त्याचं काहीच नसतं. आत्यानेही त्या संध्याकाळी आमच्याकडे एकदाही बघितलं नाही.

पुढे भिया मुलाकडे बेटम्याला गेले, मशीनही गेलं. पण त्या संध्याकाळनंतर गल्लीतल्या बायका आत्याशी हातवाऱ्यांनी बोलायला शिकल्या होत्या. नळावर त्यांचं इतकं रंगायचं, की आईलाच विचारावं लागे, "अगं, काय चाललंय तुमचं?"