रेल्वेचा जवाब

तुळशीराम गेल्याची बातमी मला सुलतानपूरच्या एसटी थांब्यावर कळली. साखरखेर्ड्याहून आलेला एक कांदेवाला गाडीतून उतरला, मला पाहिलं आणि आधी हसला. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "वामनभाऊ, आपला तुळशीराम गेला ना हो… दोन दिवस तापाचं निमित्त झालं." त्या माणसाची काही चूक नव्हती. तुळशीरामचं नाव निघालं की आमच्या भागात माणसाला हसू येतंच. मला रडू यायला हवं होतं, पण पहिला विचार आला तो हा, की मी मेल्यावर माझी बातमी सांगताना कुणी हसणार नाही. आता महिना उलटून गेला, तरी तो विचार डोक्यातून जात नाही.

महाराष्ट्र नवीनच झाला होता तेव्हाची गोष्ट. आमची सुलतानपूरची एक पार्टी आणि त्याची साखरखेर्ड्याची एक, दोन्ही बतावणी करायच्या. बतावणी म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं आणि लोकांना हसवायचं. लिहिलेलं काही नाही. पण रोज ज्याच्याकडे पायजमा शिवायला टाकायचा, त्याच्या सोंगाला गावात कोण विचारतो? समोर चार म्हातारे बसायचे, त्यातले दोघे पेंगायचे. साखरखेर्ड्यातही तीच तऱ्हा, आणि तरी दोन्ही पार्ट्या एकमेकींना पाण्यात पाहायच्या. एका बाजाराच्या दिवशी वांग्यांची गाडी रिकामी करून तुळशीराम थेट माझ्या शिलाई मशीनसमोर येऊन बसला.

"वामन, तुह्याकडं माणसं नाहीत, माह्याकडं बी नाहीत. सवाल एका गावात टाकू, जवाब दुसऱ्या गावात देऊ. ज्याले जवाब पाह्यजे, तो येईन."

"अन् नाही आला तं?"

"काऊन नाही येणार बे? अर्धी गोष्ट ऐकून आपल्या माणसाले भाकर गोड लागते का?"

माणसं आली. बाजाराच्या दुपारी पारावर खेळ रंगायचा आणि सवाल तसाच लोंबकळत ठेवून आम्ही गाठोडं बांधायचो. आठ दिवस लोक पाणवठ्यावर, खळ्यात त्या सवालावर भांडायचे आणि पुढच्या बाजाराला गाड्या जुंपून दुसऱ्या गावी यायचे. पाराभोवती जागा पुरेना, तेव्हा बायकांसाठी मागे वेगळी जागा करावी लागली. पण सवाल नेहमी माझा आणि जवाब त्याचा, अशी वाटणी कधी पडून गेली ते मला कळलंच नाही. मी सवाल आठवडाभर घोळवून आणायचो. तो विडी विझवता विझवता जवाब देऊन टाकायचा. मी "काऊन बे?" म्हटलं, की त्यानं तोंड उघडण्याआधीच लोक हसायला लागायचे. परत येताना आमच्याच गावची माणसं, माझ्याच गाडीत, मला खेटून बसून त्याचे जवाब एकमेकांना ऐकवायची. मी मुकाट्यानं बैल हाकायचो. असा जळायचो की काय सांगू…

एकदा साखरखेर्ड्यात मी सवाल टाकला, "बुलढाण्याले रेल्वे काऊन नाही?" जिल्ह्याचं ठिकाण, कोर्ट आहे, कचेऱ्या आहेत, रेल्वे तेवढी नाही. जवाब सुलतानपुरात द्यायचा होता. लोक आले, आणि नेमका त्या दिवशी तुळशीरामचा घसा बसला. नुसती हवा निघत होती. त्यानं गळ्याला हात लावला आणि मला डोळ्यानं खुणावलं. मीच सवाल विचारला, मीच वळून त्याच्या जागी उभा राहिलो आणि म्हणालो, "आली होती ना! कचेरीतला बाबू म्हने, उद्या ये."

कचेरीचे उंबरठे झिजवलेली माणसं ती. काही तर हसता हसता खाली बसली. तो एवढा एकच हशा माझा. पण तोही मला लाभला नाही. वर्षाच्या आत ती गोष्ट सगळीकडे "तुळशीराम म्हने" अशी सुरू झाली. तो बिचारा सांगायचा, "माहा नाही बापा, वामनचा हाये तो." लोकांना वाटायचं हीपण त्याची गंमतच, आणि ते आणखी हसायचे.

तेरवीच्या पंगतीतही कुणीतरी तीच गोष्ट काढली. माणसं डोळे पुसत हसली. माझा घास हातातच राहिला. मेलेल्या माणसाच्या दारात का होईना, पण आज हे सांगायचंच, असं ठरवून मी जेवण उरकलं आणि निरोप घ्यायला आत त्याच्या बायकोकडे गेलो.

"वहिनी, ती रेल्वेची गोष्ट…"

"तुमची हाये भाऊजी. मले ठाऊक हाये."

मला इतका आनंद झाला की त्या घरात तो लपवताना माझी तारांबळ उडाली. "तुम्ही होत्या त्या दिवशी?"

"मी सगळ्याच खेळाले येत होती. मांगं, बायकाइत. घरात हे बोलतच नव्हते ना… हो, नाही, वाढ. बस, एवढंच. सारं बोलनं तुमच्यासंगं. लय हेवा वाटे मले तुमचा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याइचा आवाज ऐकाले मी वांग्याच्या गाडीवर बसून तुमच्या गावाले येत होती, भाऊजी. त्या दिवशी तुम्हीच बोलले. सारे हसले… मी तशीच वापस आली."