भावोजींच्या कानातला सूर

माझे धाकटे दीर तोफखान्यात होते. निवृत्त होऊन आले आणि खिडकीशी बसू लागले. डोळे अर्धे मिटलेले, माणूस घरात असून कुठेतरी दूर तरंगत असल्यासारखा. हाक मारली तर ओ नाही. आम्हाला वाटे, भलतेच शिष्ट झालेत.

कान गेले म्हणून त्यांनी अपंगत्वाची पेन्शन मागितली. लष्करी डॉक्टरांनी लिहिलं, दोष घराण्यातलाच. झालं, अर्ज नामंजूर. घराण्यातला? आमच्या सासूबाईंना तर दोन भिंतींपलीकडची कुजबुज ऐकू यायची. मी शपथेवर सांगितलं असतं!

"आईच्या माथी मारतात," एवढंच भावोजी म्हणाले, आणि अपील केलं.

सुनावणीची खोली उंच होती. पंखा इतका सावकाश फिरत होता की बघता बघता मलाच पेंग आली. सरकारी वकिलांच्या आवाजाने जागी झाले. "निवृत्तीच्या तपासणीत हे स्वतःच म्हणालेत, काही त्रास नाही."

"असं का म्हणालात?" न्यायाधीश बाईंनी मोठ्याने विचारलं.

भावोजी ताठ उभे. "साहेबांपुढे कुरकुर करायची नसते, मॅडम."

"आणि आता कसं आहे?"

"एकदम उत्तम, मॅडम!"

आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. मी मागून भावोजींचा कोट ओढला. "अहो भावोजी, उत्तम आहे तर इथे काय हवा खायला आलोय?"

बाई हसल्या. "मी तुमची साहेब नाही. बसा. कानात काय होतं ते सांगा."

भावोजींनी डोळे मिटले. "तोफ उडाली की सगळं पांढरं व्हायचं, आवाजसुद्धा. मग एक बारीक सूर उरायचा. पुढे तो कायमचाच राहिला. लाटेसारखा चढतो, ओसरतो. कधी त्यात आई हाक मारते. उठून दारापर्यंत जातो... कुणी नसतं."

एका घरात राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

बाईंनी सैन्यभरतीच्या वेळच्या तपासणीचे कागद काढायला लावले. "घेताना तुमच्याच डॉक्टरांनी कान चांगले लिहिलेत. मग दोष घराण्यातला कशावरून? कारण कुठेच दिलेलं नाही. शंकेचा फायदा सैनिकाला. अपील मंजूर."

परतताना बसमध्ये भावोजी बोलतच होते. सूर आता कसा मऊ झालाय, मघाशी कसा वर चढला होता. मी त्यांच्याकडे कान लावून बसले. मला कुठला ऐकू यायला! तरी घर येईपर्यंत हूं हूं म्हणत राहिले.