दुखतंय म्हणालं की बसायचं

वेल्डरकाकांचं दुकान गॅरेजच्या मागे. वस्तीतली पोरं शाळा बुडवून तिथे ठिणग्या बघत उभी राहायची. "डोळे फुटतील, व्हा तिकडे!" असं ओरडून ओरडून काका कंटाळले आणि शेवटी गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्यांना बेसबॉल शिकवायला लागले. तरुणपणी ते कारखान्याच्या संघातून खेळले होते. अट एकच. शाळेत जाईल तोच खेळेल.

सगळ्यात जोरकस हात त्यांच्या स्वतःच्याच मुलीचा होता. पोरं तिला 'तोफ' म्हणायची.

शहराच्या स्पर्धेत संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. जिंकणाऱ्यांना क्रीडा वसतिगृहात राहणं आणि शिक्षण फुकट मिळणार होतं. अर्ध्या सामन्यात मुलगी बाजूला आली.

"बाबा, खांद्यात कळ येतेय. दुसऱ्या कुणाला तरी चेंडू टाकू द्या."

काकांनी बाकावरच्या पोरांकडे पाहिलं. एकेकाच्या घरची परिस्थिती त्यांना ठाऊक होती. "एवढं निभावून ने, पोरी. मग हवा तेवढा आराम कर."

तिने निभावलं. संघ जिंकला. खांदा मात्र कायमचा गेला. शस्त्रक्रियेनेही तो सुधारला नाही. वसतिगृहवाल्यांनी बाकी सगळ्यांना घेतलं, तिला नाही.

पोरं शिकली, मार्गी लागली. एक परिचारिका झाली, एक शाळेत खेळ शिकवू लागला. तोफ औषधांच्या दुकानात कामाला लागली. वेणी घालायला तिला आई लागायची.

त्यानंतर कुणी नुसतं "दुखतंय" म्हणालं तरी काका त्याला बसवायचे. त्यापायी कितीतरी सामने हरले. कुणी बोललं, तर ऐकून घ्यायचे.

एकदा जेवताना काका म्हणाले, "माझं चुकलं गं."

मुलगी म्हणाली, "त्या सगळ्यांचं भलं झालं, बाबा. चुकलं कसं म्हणू? पण बरोबर केलंत, असंही माझ्याच्याने म्हणवत नाही."

काकांची बायको वारली. पुढे काकांनीही अंथरूण धरलं. मुलीने नोकरी सांभाळून त्यांचं सगळं केलं, कुरकुर न करता. संघ आता जुनी पोरंच चालवतात. सुट्टीच्या दिवशी ती भेटायला येतात, जिंकल्याचं सांगतात, "काका, तुमच्यामुळे झालं हो सगळं," म्हणतात.

मुलगी चहा ठेवायला आत जाते. काका कूस बदलून भिंतीकडे तोंड करतात. पोरांना वाटतं, दमले असतील.