बापाने रक्त द्यायला नकार दिला तेव्हा

त्या बापाला मी पोलीस ठाण्यात दोन तास उभं ठेवलं होतं. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी ते बोचतं.

लालबागच्या एका प्रसूतिगृहातून चार दिवसांचं बाळ चोरीला गेलं. तिसऱ्या दिवशी नायगावच्या एका औषधवाल्याने खबर दिली, "चाळीतली एक बाई बाळासाठी पावडरचं दूध नेते. पण तिचं पोट कधी दिसलं नव्हतं." बाळ सापडलं. बाई मात्र हटून बसली, "माझंच आहे. गावी बाळंत झाले." कागद एकही नाही. बाळ शिशुगृहात गेलं. साहेबांनी डीएनए तपासणीसाठी बाळाचं, त्या बाईचं आणि फिर्यादी आईबापाचं रक्त घ्यायला सांगितलं.

आईने लगेच हात पुढे केला. बाप म्हणाला, "माझं नको."

साहेब तापले आणि मला म्हणाले, "पोर हरवलंय आणि हा सुईला भितो? यानेच विकलं असणार. बाई, घ्या याला आत."

मी तेव्हा सहायक फौजदार होते. उलटसुलट विचारलं, पण तो बोलेना. शेवटी मी म्हणाले, "पोर नकोच होतं का तुला?"

तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, दोष माझ्यात आहे. डॉक्टरांनी दुसऱ्याचं बीज वापरलं. आम्हा नवराबायकोलाच माहीत. माझ्या आईला कळलं तर ती बाळाला घरात घेणार नाही."

"मग आधी बोलायचं ना!"

"कसं बोलू? तुम्ही लिहून घेताय."

मी पेन बंद केलं. डॉक्टरांचे कागद पाहिले, तो खरं बोलत होता. माझं शिक्षण सातवी, म्हणून प्रयोगशाळेत फोन करून विचारलं, "एकट्या आईच्या रक्तावर ठरेल?"

"ठरेल. मुलात निम्मं आईचं असतंच."

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी बापाचं नाव वगळून तपासणीचं नवं मागणीपत्र काढलं.

अहवाल येईपर्यंत बाळाची आई रोज ठाण्यात येऊन बसायची. बाळाचं रक्त तिच्याशी जुळलं, त्या बाईशी नाही. अहवाल समोर ठेवल्यावर बाईने कबुली दिली.

संशय घेणं आमचं कामच, त्याची मला लाज नाही. पण लपवतो तो गुन्हेगार, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. ते चूक होतं.

बाळ ताब्यात देताना पावती त्याच्यापुढे सरकवली. 'नातं' या रकान्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

"लिहा की," मी म्हणाले.

त्याने 'वडील' लिहिलं. मी शिक्का मारला.