बाबांचा धक्का

आईने सिंगापुरात आल्यावर पहिले चार दिवस काहीच मागितलं नाही. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून ती समोरच्या ब्लॉकमध्ये बांबूंवर वाळत घातलेले कपडे बघत राहायची. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, चहा पिता पिता म्हणाली, "मला तो धक्का दाखव. हे उतरायचे तो."

'हे' म्हणजे माझे बाबा. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. बोट लांब पाण्यात नांगर टाकायची आणि खलाशी लाँचमध्ये बसून सिंगापूरच्या धक्क्यावर यायचे. आईला पहिली नायलॉनची साडी तिथूनच आली. ती अजून रत्नागिरीच्या घरी ट्रंकेत आहे.

चार महिन्यांपूर्वी बाबा झोपेतच गेले. मी पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून अंत्यसंस्कार मी फोनवर बघितले. ज्याने फोन धरला होता त्याने तो बराच वेळ आडवा धरला होता, आणि मी मान वाकडी करून बघत होते. दोन वाजता ऑफिसची मीटिंग होती, ती मी केली. तेराव्याला लेकीला घेऊन गेले, आल्यागेल्याला चहा दिला, परत आले. रडले नाही. "हिला जबरदस्त धक्का बसलाय," असं आत्या येईल त्याला सांगत होती. मला धक्काबिक्का काही बसला नव्हता. मी जेवत होते, झोपत होते, लेकीचा अभ्यास घेत होते. बाबा गेले हे मला ठाऊक होतं, पण उद्या शाळेला सुट्टी आहे हे ठाऊक असावं तेवढंच. एक दिवस या गोष्टीचीच भीती वाटायला लागली. आईलाही वाटत असावी. ती अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघायची, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसं.

तर आम्ही तिघी निघालो. लेक आठ वर्षांची. मराठी तिला कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत येतात. आईने पिशवीत थालीपीठं घेतली होती. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, खायला बंदी आहे असं सांगितल्यावर तिने ती पिशवी शेवटच्या स्टेशनापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.

नदीकाठाने मी गाईडचं काम चोख केलं. इथे गोदामं होती, आता बार आहेत. इथे हमाल पडावांतून तांदळाची पोती उतरवायचे, आता त्यांचे पुतळे आहेत, हवा तर फोटो काढ. आई प्रत्येक ठिकाणी विचारायची, "हे इथे आले असतील का गं?" मी म्हणायचे, "आले असतील." चौथ्यांदा विचारलं तेव्हा मला चीड आली. इतक्या उन्हात कशाला शोधत फिरायचं त्यांना, असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, तिने माशाच्या रश्श्यात थालीपीठ बुडवून खाल्लं आणि तिरफळ हवं होतं म्हणाली.

"आजी, हिअर डोन्ट हॅव लाह," लेकीने इथल्या धाटणीच्या इंग्रजीत समजूत काढली.

दुपारी धक्क्यावर पोचलो. तो आता धक्का राहिलेला नाही, एका मोठ्या हॉटेलचं जेवणाचं दालन झालाय. वरच्या कमानी जुन्याच, खाली पांढऱ्या चादरींची टेबलं. दाराशी उभ्या असलेल्या बाईने बुकिंग विचारलं. मी म्हटलं, बुकिंग नाही, माझे वडील इथे उतरायचे. ती क्षणभर गोंधळली, मग बाजूला झाली.

आई कमानीखाली उभी राहिली. मग तिने चपला काढल्या. चहा पिणारे लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाच का गं धक्का?"

"हो, हाच."

लेकीने माझा हात ओढला. "आई, सो धिस इज व्हेअर दे पुश्ड आजोबा?"

मला काही कळेना. कुणी ढकललं? कुणाला?

मग हळूहळू उलगडलं. तिला धक्का एकच माहीत होता. 'रांगेत धक्का देऊ नको' हे मीच तिला रोज सांगते. तेराव्याला सगळे धक्का, धक्का म्हणत होते, तेव्हा ती तिथेच होती. चार महिने ती धरून चालली होती की आजोबांना कुणीतरी ढकललं आणि आम्ही मोठी माणसं ते तिच्यापासून लपवतोय.

"डिड दे कॅच द पर्सन?" तिने हळूच विचारलं.

मी गाईडच्याच आवाजात सांगायला लागले, की या शब्दाचे वेगवेगळे अर्थ होतात. पण आई हसत सुटली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"ह्यांना कोण ढकलणार गं बाई! हेच ढकलायचे सगळ्यांना. तुझी आई इथे कशी आली, विचार तिला."

मी इथे कशी आले ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळाच्या दारात माझे पाय अडले. "बाबा, मी नाही जात," म्हटलं. आई तेव्हा सामानापाशी होती. बाबांनी माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात ठेवला आणि, होडी पाण्यात लोटतात ना, तसं मला आत लोटलं. रागाने मी मागे वळूनही बघितलं नाही.

"तुला कसं माहीत?" मी आईला विचारलं.

"परतताना पनवेल येईपर्यंत हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते. म्हणाले, ढकलली मी तिला."

मी जवळच्या खांबाला पाठ टेकली. खांब गार होता आणि दोन खांद्यांच्या मधोमध तेवढी जागा दुखायला लागली.

"आई, आर यू क्राइंग?"

"रडू दे तिला," आई म्हणाली, आणि चपला पायात सरकवून माझ्या शेजारी उभी राहिली.